सावलीचा वाटा

मी एक जैतुणाचं झाड बोलतेय. बाटल्यांवर ज्याला ऑलिव्ह म्हणतात, तेच. बोलतंय नाही, बोलतेय. आमच्या क्रीट बेटावर जैतुणाला बाईमाणसातच धरतात आणि मला ते पटतं, कारण शंभरावर वर्षं मी काळजी करण्याचं काम एकदाही चुकवलेलं नाही. फळं मात्र एका वर्षाआड देते.

माझ्याबद्दलचा एक संशय आधीच सांगून टाकते. मी जन्माने रानटी. वाटाण्याएवढी कडू फळं, तीही शेळ्यांनी खायची. एका वसंतात मानुसोस नावाच्या माणसानं करवतीनं माझी मान उडवली, सालीत चिरा पाडून चांगल्या झाडाच्या दोन काड्या खोचल्या, वर ओली माती लिंपली, चिंध्या बांधल्या आणि निघून गेला. काड्या जगल्या. तेव्हापासून कमरेच्या वर मी घरंदाज आणि खाली रानटी. अजूनही माझ्या पायाशी रानटी फुटवे येतात आणि ते दरवर्षी छाटावे लागतात. कुणी माझ्या तेलाचं कौतुक केलं की मला प्रश्न पडतो, हे नक्की माझंच ना?

शेत मानुसोसचं नव्हतं. पण आमच्या गावची रीत अशी, की रानटी झाडावर जो कलम करील त्याचं ते झाड, शेत कुणाचंही असो. शेतवाल्याला दर हंगामात एक छोटी बरणी तेल द्यायचं. त्याला सावलीचा वाटा म्हणतात. झाड सावली त्याच्या जमिनीवर पाडतं, तेवढ्या जागेतले त्याचे गहू खुरटतात, म्हणून. मानुसोसनं माझ्या खोडावर सुरीनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, 'म'. पुढे सालीनं ते अर्धंमुर्धं गिळलं.

मग मी मानुसोसच्या लेकीच्या आंदणात गेले, तिच्या लेकीच्या आंदणात गेले आणि शेवटी रुबिनीच्या आंदणात माझं नाव लागलं. रुबिनीचं लग्न ठरलं होतं स्त्रातिसशी, आणि हे शेत स्त्रातिसच्या घरचं. म्हणजे शेत आणि झाड एकदाची एका घरात येणार होती. मला किती हलकं वाटलं होतं. तेवढ्यात स्त्रातिस पलटणीत गेला, किनाऱ्यावरच्या एका गावात छावणी पडली, तिथल्या आर्गिरोला त्यानं पाहिलं आणि लग्न करून तिलाच घेऊन आला. रुबिनीचं आंदण पेटीत राहिलं. मी पेटीत मावत नव्हते म्हणून शेतात राहिले.

त्यानंतर रुबिनी वर्षातून एकदाच यायची, हंगामात, एकटी. फळं वेचायची आणि कुणाकडे न बघता जायची. सावलीच्या वाट्याची बरणी मात्र तिनं कधी चुकवली नाही. तेल काढणाऱ्या घाणेवाल्याच्या हाती पाठवायची. स्त्रातिसची आई गारिफालिया ती बरणी न बोलता घ्यायची आणि देवाच्या फळीवर ठेवायची.

माझं तेल जिथे असतं तिथलं मला थोडंफार कळतं. कसं ते विचारू नका, मलाही खात्री नाही. पण त्या फळीवरून मी ते घर बघत आले. गारिफालिया माझं तेल जेवणात घालत नसे. "जुन्या झाडाचं तेल म्हणजे औषध," असं तिचं ठाम मत. भाजलं, कापलं, पोट दुखलं, दाराची बिजागरी कुरकुरली, की बोट त्याच बरणीत. बिजागरीला गुण यायचा, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

आर्गिरोला मुलगी झाली. आमच्याकडे बाप्तिस्मा होईपर्यंत लेकराला नाव नसतं. नाव ठेवते धर्ममाता किंवा धर्मपिता, आणि बाप्तिस्म्याचं तेलही त्यांनीच आणायचं. स्त्रातिसचा जहाजावरचा एक मित्र धर्मपिता होणार होता, पण त्याचं जहाज काही लागेना. सात महिने झाले तरी पोर आपली नुसतीच छकुली.

आर्गिरो शिकलेली. तिच्याकडे बाळांच्या संगोपनाचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते घेऊन ती दुपारी माझ्या सावलीत येऊन बसायची. मांडीवरच्या छकुलीशीच बोलायची. "पुस्तकात लिहिलंय, रडू द्यावं. तुझी आजी म्हणते, रडू देऊ नये. मी आधी रडू देते, मग उचलते, म्हणजे दोघांच्याही मते माझं चुकतं." मला ती फार जवळची वाटायची.

हंगामाच्या तोंडावर छकुलीला ताप भरला. गारिफालियानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याची बशी मांडली.

"दृष्ट आहे," ती म्हणाली. "परवा ती रुबिनी फाटकाशी थांबली होती. म्हणाली, काय गोरीपान लेक आहे हो. आणि थुंकली नाही. कौतुक करून तीनदा थू थू केलं नाही की लागलीच समज."

"आई, तिचं अंग विस्तवासारखं तापलंय."

"म्हणूनच म्हणते."

तिनं बरणीत बोट बुडवून माझे तीन थेंब पाण्यात सोडले. थेंब गोल राहिले तर दृष्ट नाही, पसरले तर आहे. मी गोल राहायचा खूप प्रयत्न केला. पण बशी नुकतीच साबणानं धुतलेली होती, पसरले. गारिफालियानं मंत्र पुटपुटत चार मोठ्या जांभया दिल्या, म्हणजे दृष्ट जबरदस्त होती.

छकुली कान ओढत होती. तेव्हा गारिफालियानं चमच्यात मला कोमट केलं आणि तिच्या डाव्या कानात सोडलं. आर्गिरो पुस्तकाची पानं उलटत होती, कानाचं पान शोधत होती. ते सापडेपर्यंत मी आत गेले होते. पोर किंचाळली आणि मग गप्प झाली. त्या गप्प होण्याला गारिफालिया गुण म्हणाली. मला तसं वाटलं नाही. पण मला काय वाटतं हे सांगायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी स्त्रातिस शहरातल्या डॉक्टरकडे न्यायला ट्रक आणायला धावला. रस्ता माझ्या शेताला लागूनच जातो. आर्गिरो छकुलीला शालीत गुंडाळून माझ्या बुंध्याशी वाट बघत उभी राहिली. पोर आता रडतही नव्हती. आर्गिरोनं खोडावर हात टेकला तर तिच्या बोटांना ते अक्षर लागलं. तिनं वाचलं.

"म. मिनास," ती म्हणाली. मिनास म्हणजे तिचे सासरे, देवाघरी गेलेले. "मामंजींचं झाड." मग समोरच्या टेकडीवरच्या मारियामातेच्या छोट्याशा चर्चकडे बघून ती नवस बोलली. "हिला वाचव. या झाडाचं या हंगामाचं सगळं तेल तुझ्या दिव्याला देईन. हिचा बाप्तिस्माही याच तेलानं करीन. थेंबभरही घरात ठेवणार नाही."

माझं पान न् पान थिजलं. एक तर मी त्यांची नव्हे. आणि दुसरं, ते माझं आडवर्ष होतं. अंगावर फळं होती ती जेमतेम टोपलीभर. त्या बाईनं लेकीचा जीव माझ्यावर टांगला होता आणि मी रिकामी उभी होते.

ट्रक आला, ती गेली.

पाच दिवसांनी परतली. ताप उतरला होता. इंजेक्शनांनी उतरला, पण आर्गिरोच्या मनात श्रेय कुणाला होतं ते मला दिसत होतं. ती माझ्याजवळ आली, खोडाला कपाळ टेकवलं आणि डॉक्टरांचं बोलणं मला सांगितलं. कानाचा पडदा फुटलाय. फुटलेल्या कानात तेल कुणी घातलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती खाली बघत राहिली. त्या कानानं ऐकू येईल की नाही, ते मूल मोठं झाल्यावर कळेल.

त्या संध्याकाळी घरात हंगामाच्या गोष्टी निघाल्या.

"आधी रस्त्याजवळचं झाड घेऊ," आर्गिरो म्हणाली. "त्याचं तेल मी मारियामातेला बोललेय."

गारिफालियाच्या हातातलं विणकाम थांबलं. "कुठलं झाड?"

"ते म अक्षराचं. मामंजींचं."

"पोरी, ते मिनासचं नाही. ते मानुसोसचं. रुबिनीचं आहे ते झाड."

आर्गिरो नवऱ्याकडे वळली. स्त्रातिस बुटाची नाडी सोडत होता. ती सुटायला फारच वेळ लागत होता.

"आपल्या शेतात आहे ना?" आर्गिरोनं विचारलं.

"शेत आपलं. झाड तिचं. गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी? तुला वाचता येतं, आम्हाला वाटलं तू वाचलं असशील." मग गारिफालियानं सुस्कारा सोडला. "शेजारणीची कोंबडी देवाला बोलून आलीस. आता देव शेजारणीकडे मागणार की तुझ्याकडे?"

पाद्रीबाबा म्हणाले, कुठलंही तेल चालेल, मारियामाता रागावत नाही. आर्गिरोनं मान डोलावली, पण तिला पटलं नाही. नवस खोटा पडला तर दिलेलं परत जातं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. छकुलीचा कान अजून वाहत होता. प्रत्येक वेळी फडक्यानं पुसताना आर्गिरो चर्चच्या दिशेला बघायची. पुस्तकात याचं पान नव्हतं.

डिसेंबरात रुबिनी आली. चादर, टोपली, डोक्याला काळा रुमाल. माझ्या बुंध्याशी आर्गिरो छकुलीला घेऊन बसलेली बघून ती थबकली.

"शेत तुमचं आहे, बसा," ती म्हणाली. "मी माझं वेचते आणि जाते."

"मला तुमच्याशीच बोलायचंय." आर्गिरोनं सगळं सांगून टाकलं. अक्षर, नवस, गैरसमज. कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही.

रुबिनीनं वर माझ्याकडे बघितलं आणि कोरडं हसली. "नवरा नेलास. आता झाड."

"नवऱ्याचंही मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. तेही नळावर."

"नळावर सगळंच कळतं. मी दृष्ट लावली, हेही कळलं मला."

आर्गिरोनं छकुलीची शाल सारखी केली.

"मी थुंकले होते," रुबिनी म्हणाली. "तीनदा. तुझ्या सासूला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू? तिच्या बुटांवर थुंकायला हवं होतं." ती वाकून फळं वेचू लागली. "या तेलाचा दिवा मी बापाच्या थडग्यावर लावते. दुसरं झाड नाही मला. ही टोपलीभर फळं, त्यातून काय निघणार ते तूच बघ. देणार नाही मी."

"बरं," आर्गिरो म्हणाली. ती उठून गेली नाही. छकुलीला चादरीवर ठेवून तीही वेचू लागली. थोड्या वेळानं पोर गडबडा लोळत उताराकडे निघाली, तेव्हा रुबिनीनंच तिला उचललं आणि कडेवर घेतलं. छकुलीनं डावा गाल तिच्या खांद्यावर टेकवला. जरा वेळानं रुबिनीनं खांद्याकडे पाहिलं. सदऱ्यावर पिवळट ओला डाग पडला होता.

"हे काय?"

"तिचा कान. पडदा फुटलाय. त्यात... सासूबाईंनी तेल घातलं होतं. कोमट करून."

"कुठलं तेल?"

"देवाच्या फळीवरचं."

रुबिनी गप्प झाली. त्या फळीवर कुठली बरणी असते हे तिला सांगावं लागलं नाही. तिनंच पाठवलेली. मीही गप्प होते, पण माझं गप्प राहणं कुणाच्या लक्षात येत नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाप्तिस्म्याचं तेल कुणी आणायचं असतं?"

"धर्ममातेनं. नाहीतर धर्मपित्यानं. ह्यांच्या मित्राचं जहाज..."

"जहाज राहू दे. मी तुला तेल दिलं तर ती भीक होईल, आणि भिकेवर नवस फिटत नाही. धर्ममाता आपल्या झाडाचं तेल घेऊन आली तर तिला कोण काय म्हणेल?"

आर्गिरोच्या हातातली फळं खाली पडली. "तुम्ही धर्ममाता व्हाल?"

"नाव मी ठेवणार. त्यात कुणी बोलायचं नाही. तुझ्या सासूनंही नाही."

आमच्याकडे पहिल्या नातीला आजीचं नाव मिळतं. गारिफालियानं त्या नावाचं, बाळाच्या साखळीत घालायचं पदक केव्हाचं करून ठेवलं होतं. रुबिनी काय मागतेय हे आर्गिरोला नीट कळलं. मलाही.

"बोलणार नाही," आर्गिरो म्हणाली. "घरी मी सांभाळीन." शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच खरं वाटलं नाही.

एका टोपलीसाठी घाणेवाला यंत्र लावेना. मग रुबिनीच्या अंगणात दोघींनी जुन्या पद्धतीनं केलं. दगडानं फळं ठेचली, लगदा जाड कापडात बांधला, वर कढत पाणी ओतत पिळत राहिल्या. परातीतल्या पाण्यावर मी हळूहळू वर आले, हिरवी, गढूळ. रुबिनीनं तळहातानं मला अलगद गोळा केलं. एक बाटली भरली. तीही गळ्यापर्यंत नाही.

आर्गिरोचा चेहरा उतरला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"सगळं तेल म्हणाली होतीस ना?" रुबिनीनं विचारलं. "हे सगळं आहे."

आर्गिरोनं ओच्यातून दुसरी बाटली काढली, तिच्या घरच्या झाडांच्या तेलाची. "तुमच्या वडिलांच्या दिव्याला," ती म्हणाली. रुबिनीनं ती घेतली. आभार मानले नाहीत, पण बूच काढून वास घेतला आणि "ठीक आहे," म्हणाली.

घरी काय झालं ते मी फळीवरून ऐकलं. स्त्रातिसनं मित्राला पत्र लिहिलं आणि बाकीचा दिवस गोठ्यात काढला. गारिफालिया दोन दिवस जेवली नाही, म्हणजे आमच्यासमोर जेवली नाही. "माझ्या घरात, माझ्या नातीला, ती नाव ठेवणार," एवढंच एक वाक्य ती भांड्यांना सांगत राहिली. पण चर्चला जायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी कपडे करून दाराशी उभी होती.

बाप्तिस्म्याला मी हौदातल्या पाण्यावर तरंगत होते. जुन्या रीतीप्रमाणे आई बाहेर पायरीवर. रुबिनीनं छकुलीच्या अंगाला मला चोपडलं. कपाळ, छाती, पाठ, तळवे. कानाजवळ तिचा हात आला आणि थांबला. डाव्या कानाला तिनं बाहेरूनही बोट लावलं नाही.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं.

 गारिफालियानं डोळे मिटले होते.

"गारिफालिया," रुबिनी म्हणाली.

म्हातारीनं डोळे उघडले. तिच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मग ती पुढे आली, नातीकडे बघितलं आणि दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकली, मागच्या रांगेपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं.

"आता ऐकू आलं," रुबिनी म्हणाली.

बाहेर येऊन तिनं पोर आर्गिरोच्या हातात दिली. "तीन दिवस आंघोळ नाही. तेल अंगात मुरू दे, सिंतेक्निसा." हा शब्द आमच्या बेटावर एकाच नात्याला वापरतात. आई आणि धर्ममाता, एका लेकराच्या दोन आया. एकदा तो तोंडातून निघाला की त्या दोघींनी आयुष्यभर भांडायचं नसतं.  आर्गिरोनं पायरीवर सरकून तिला बसायला जागा केली.

उरलेलं तेल मारियामातेच्या दिव्यात नऊ दिवस जळलं. मी मोजत होते. हंगामभराचं तेल म्हणून बोलली गेलेली मी, नऊ दिवसांत विझले. आर्गिरो म्हणते नवस फिटला. मला अजून खात्री वाटत नाही.

आता मे महिना आहे. यंदा माझं भराचं वर्ष, मोहोर इतका आलाय की फांद्या वाकल्यात. पण दक्षिणेकडून समुद्रावरचा गरम वारा सुटू लागलाय आणि तो चार दिवस टिकला तर हा मोहोर करपून जाईल. मी रोज सकाळी दिशा बघते.

सावलीत चादर आहे. धाकटी गारिफालिया तेरा महिन्यांची झालीय, माझं खोड धरून उभी राहते, जिथे ते अक्षर आहे तिथेच बोटं घालते. परवा रुबिनी रस्त्यावरून आली आणि डावीकडून तिनं हाक मारली. पोर वळली नाही. पुन्हा मारली. पोर अक्षर ओरबाडत राहिली. आर्गिरोच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग रुबिनी माझ्या खोडाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली, गुडघ्यांवर बसली आणि तेच नाव हळू आवाजात घेतलं. पोर लगेच वळली, हसली.

तेव्हापासून रुबिनी येते ती वळसा घालूनच. डावीकडून चार पावलं आहेत, तरी.

बाबांनो, मला भाकरीवर घ्या, दिव्यात जाळा, लेकरांच्या तळव्यांना चोळा. त्यात मी कमी पडणार नाही. पण माझ्यावर एवढा विश्वास टाकू नका. मी कमरेखाली रानटी आहे, वर्षाआड रिकामी असते, आणि दुखऱ्या कानात काय करायचं ते मला कळत नाही. तिथे कुणीतरी शिकलेलं, हातात पुस्तक असलेलं माणूस लवकर येऊ दे. त्याला ते पान वेळेवर सापडू दे.

आणि हा वारा थोडा पडू दे. नवसाचं तेल मला अजून द्यायचंय.